पिल्लांवरची मरळ

मी मासे खात नाही. कुणी फारच आग्रह केला की गळ्यातल्या तुळशीच्या माळेला बोट लावतो, आणि विषय तिथेच थांबतो. माळेला लोक मान देतात, पुढे विचारत नाहीत. माळ खरी आहे. कारण मात्र ते नाही. हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं की टाळणं हाच माझा स्वभाव आहे असं घरच्यांना वाटू लागलं. बायकोला सांगणार होतो. दरवर्षी श्रावण आला की वाटायचं, आज सांगू. मग ती गेली. आता मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही पावसाळ्यात असे गप्प का होता?" मी म्हणतो, सांधे दुखतात.

मुलाने आडगावच्या अंगाला फ्लॅट घेतला तेव्हा मी जागा बघायला गेलो नव्हतो. पत्ता ऐकून काही उमगलं नाही. सामान लागलं, देव मांडले, आणि संध्याकाळी गॅलरीत उभा राहिलो तर समोर चिंचेचं झाड. त्याची एक फांदी खाली येऊन पुन्हा वर वळलेली, हत्तीच्या सोंडेसारखी. अशी दुसरी फांदी मी जन्मात पाहिलेली नाही. मी कठडा धरून खाली बसलो. सून धावत आली. तिला वाटलं, चक्कर आली.

आमच्या सोसायटीचं नाव सरोवरावरून ठेवलंय. बिल्डरला ते कुणी सुचवलं कोण जाणे. सरोवर वगैरे नव्हतं तिथे, साधं तळं होतं. खापरतळं म्हणायचे त्याला, कारण उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तळाच्या भेगाळ मातीत जुनी खापरं दिसायची. आता तिथे तळमजल्याखाली पार्किंग आहे. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचलं, पंप लावले, तरी पाणी हटेना. वॉचमन म्हणाला, "काका, खालनंच येतंय, कुठून येतंय कळत नाय." मला कळत होतं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होतो. कुणाच्या तरी गाडीच्या चाकामागे एक बेडूक ओरडत होता, आणि पाण्यावर ट्यूबलाइट हलत होती. ओल्या मातीचा तो वास नाकात गेला मात्र, माझे हात आपोआप खाली गेले. पाण्याशी वाकून मी तळवे एकमेकांवर चोळू लागलो. का चोळतोय ते माझ्या लक्षात नंतर आलं.

पंचवटीत आमचं पूजासाहित्याचं दुकान होतं. हळद, कुंकू, अबीर, कापूर, उदबत्त्या, नाडा, जानवी. दुकानाच्या मागेच घर. आमच्या कपड्यांना, वह्यांना, भातालासुद्धा कापराचा वास यायचा आणि आम्हाला तो येत नसे. वडील माळकरी, आजोबा माळकरी. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. अशा घरातल्या मुलाने गळ टाकायला शिकावं, हे कसं घडलं? एका दिवाळीआधी गाद्या पिंजायला हमीदचाचा आले, एवढंच आठवतं.

पिंजाऱ्याचं धनुष्य ज्यांनी ऐकलंय त्यांना ते सांगावं लागत नाही, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगता येत नाही. ताणलेल्या तातीवर लाकडी दस्ता आपटला की एक खोल, गोल टणत्कार उठायचा आणि अंगणभर कापूस उडायचा. चाचा तोंडाला फडकं बांधून बसायचे. भुवया, पापण्या पांढऱ्या. मधूनच थांबून खोकायचे, असे की आमची मांजर उठून जायची. त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा युनूस होता. मॅट्रिकपर्यंत तो माझ्या वर्गात होता. मी कॉलेजात गेलो आणि तो बापाबरोबर कापसात. त्या दिवशी तो अंगणात पिंजलेला कापूस गोळा करत होता आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशातून एक चमकता आकडा बाहेर आलेला मी पाहिला.

"हे काय रे?"

"गळ." त्याने आजूबाजूला पाहिलं. "रविवारी जातो आम्ही. अब्बा आणि मी. तू येणार? नको, तू पंडत माणूस."

आम्ही ब्राह्मण नव्हतो, पण युनूसच्या लेखी पंचवटीतला कुणीही पंडतच. तो मला शेवटपर्यंत पंडत म्हणाला.

"आमच्या घरी कळलं तर मला गोदेत बुडवतील," मी म्हणालो.

"कोण सांगणार? माझ्या तोंडून तुझं नाव येणार नाही. अल्लाकसम."

किती सहज म्हणाला तो! हातात कापूस होता, नाकावर कापूस होता. शपथ घेताना एक शिंकही आली त्याला.

मग रविवार सुरू झाले. सायकली काढायच्या, मी लायब्ररीचं नाव सांगायचं. आग्रा रोडला लागायचं, ट्रक अंगावरून जायचे, मग डावीकडे बैलगाडीची वाट. वाटेत द्राक्षांचे मळे, मोरचुदाचा निळा वास. आणि तो संपला की तळ्याचा वास: शेवाळ, कुजलेली पानं, म्हशी, आणि या सगळ्याखाली थंड असं काहीतरी. चाचा आमच्या आधीच पोचलेले असत. चिंचेच्या सोंडेवर पाठ टेकून, सदऱ्याची बटणं उघडून बसलेले. तिथे ते खोकत नसत. मला हे फार दिवसांनी लक्षात आलं. आठवडाभर खोकणारा माणूस तिथे बसला की त्याचा श्वास ऐकूसुद्धा येत नसे.

"इथं छाती उघडते, बेटा," ते म्हणायचे. "मासा मिळो ना मिळो. दवाखान्याच्या बाटलीत ही हवा भरून देत नाहीत."

पहिल्या दिवशी युनूसने माझे हात नाकाशी नेले आणि तोंड वाकडं केलं. "कापूर! मासा काय आरतीला येणार आहे? चल, चिखलात घाल हात." काठाशी बसवून त्याने माझे हात कोपरापर्यंत काळ्या चिखलात दाबले आणि चोळून घेतले. दर रविवारी हे पहिलं काम. चिखलाने कापूर घालवायचा, आणि परतताना विहिरीवर राख आणि चिंचेने चिखल घालवायचा. दोन वास, दोन घरं. मधे मी.

मी फार वाईट शिकाऊ होतो. गांडूळ गळाला लावताना तोंड फिरवायचो. तंगुसाच्या दोरीचा गुंता माझ्याकडून जितका व्हायचा तितका कुणाकडून झाला नसेल; युनूस तो सोडवत बसायचा आणि म्हणायचा, "पंडत, तू मासा नको पकडू, तू स्वेटर विण." मोरपिसाचा देठ पाण्यावर तरंगत असे, तो जरा हलला की मी काठी हिसकायचो. वर रिकामा गळ. कधी चिलापी लागली तर लागली, तीही बहुधा चुकून. गळ तंगुसाला बांधायची गाठ मला कधीच जमली नाही, सुटायची. म्हणून मी दुकानातला लाल-पिवळा नाडा आणला आणि गाठीवर घट्ट गुंडाळला. युनूस हसून हसून आडवा झाला. "अब्बा, बघा! पंडतने गळाची मुंज लावली." चाचांनी मात्र गळ हातात घेऊन नीट पाहिला. "हसू नको. गाठ सुटणार नाही ही." तेव्हापासून माझ्या गळाला नाडा असे. काठावर कुठेही पडला तरी तो माझा, हे लांबून कळायचं.

मला मरळ हवी होती. तळ्यावर सगळ्यांना मरळच हवी असायची. काळी, लांब, अंगावर डाग, सापाचं डोकं. ती पाण्याबाहेरही मरत नाही लवकर, गवतात पडून राहते आणि तुमच्याकडे बघते. तिला लहान बेडूक लावतात, जिवंत. पहिल्यांदा माझ्या हातात बेडूक दिला तर मी तो सोडून दिला. युनूसने दुसरा लावून दिला.

"ती आधी तोंडात धरते. तेव्हा ओढायचं नाही. ती चालायला लागेल, चालू दे. मनात बिस्मिल्ला म्हण, नाहीतर तुझं ते रामरक्षा का काय ते म्हण. पूर्ण. मग ओढ."

मला पूर्ण म्हणवत नसे. मी पहिल्याच ओळीला ओढायचो. मरळ सुटून जायची आणि पाण्यावर मोठं वर्तुळ राहायचं. ते पसरत जाऊन आमच्या पायाशी विरायचं. चाचा म्हणायचे, "दम नाही याच्यात. येईल."

तळ्यावर गावातले सखाराम भोई असत. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तळं त्यांच्या बापजाद्यांनी राखलेलं. शहरातून येणाऱ्या चारदोन जणांना ते बसू देत, ते फक्त चाचांच्या शब्दाखातर. ते एकच गोष्ट सांगत, आणि नव्या माणसाला तीनतीनदा सांगत.

"आखाड-सरावणात लाल पाणी दिसलं, का गळ वर. मरळ पिल्लं घिऊन फिरती. ती पिल्लं वर आन् ती खाली. तिला भूक नसती तवा. जे जवळ यील त्याला तोंड मारती, पिल्लांसाठी. अशी मरळ कुनी बी काढल, लेकरू काढल. त्यात काय मर्दुमकी नाय. जो काढल, त्याच्या घरची काठी ह्या काठाला पुन्हा नाय. माझ्या पोराची असली तरी नाय."

"माझ्या पोराची असली तरी," चाचा मान डोलवत म्हणायचे.

लाल पाणी मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुणी कुंकवाचा करंडा सांडला. तांबूस, बारीक, थरथरतं असं काहीतरी, ताटाएवढं. ते सरकायचं, बुडायचं, पुन्हा वर यायचं. शेकडो पिल्लं श्वास घ्यायला वर यायची आणि पाणी उकळल्यासारखं दिसायचं. त्यांच्या खाली, मागे, एक काळी सावली. आम्ही तिघे उभे राहून बघायचो. काठ्या उचलून धरलेल्या, देवळात चपला हातात धरतात तशा. मला आठवतं, युनूसने नकळत डोक्यावर रुमाल टाकला होता.

हे सगळं मला माहीत होतं. हे लिहून ठेवतो, कारण नंतर मी मला समजावत राहिलो की मी नवखा होतो, मला कळलं नाही. मला माहीत होतं.

श्रावणातला तो रविवार. रात्रभर पडून पाऊस थांबला होता, आणि उन्हाची तिरीप पाण्यावर आली होती. तात्या आणि चाचा पलीकडच्या काठाला बांध बघायला गेले होते. युनूस म्हणाला, "वस्तीवरून चहा आणतो. आलं घालायला सांगतो अब्बांसाठी." त्याची काठी माझ्या शेजारी ठेवली. चार पावलं गेला आणि वळून म्हणाला, "पंडत, लाल दिसलं तर वर घे हां."

"माहीत आहे रे. जा."

तो गेला. आणि ते आलं. बेशरमाच्या झुडपांखालून निघून सरळ माझ्यासमोर आलं, इतकं जवळ की मला एकेक पिल्लू दिसत होतं. माझ्या गळाला बेडूक होता. काठी हातात होती. इथे मी कारण सांगू शकत नाही. रागही नव्हता, लोभही म्हणता येणार नाही. इतक्या रविवारांत एकदाही न मिळालेली गोष्ट हाताच्या अंतरावर होती आणि बघायला कुणी नव्हतं, बस. मी काठी पुढे केली. बेडूक त्या कुंकवाच्या मधोमध पडला.

रामरक्षा म्हणावी लागली नाही. मरळ वाट बघत थांबलीच नाही. पाणी फुटलं, काठी वाकली, आणि नाड्याची गाठ सुटली नाही. ती गवतात आली तेव्हा माझ्या मांडीएवढी वाटली मला. मी हसत होतो. खरंच हसत होतो, मोठ्याने. मग मागे पंखांचा आवाज आला.

बगळे होते. खंड्या होता. आणि खालून दुसरे मासे. पिल्लं पांगली नव्हती, तिथल्या तिथेच फिरत होती, मरळ जिथे होती त्या जागेवर. पाण्यावर टिचक्या वाजाव्यात तसे आवाज येत होते. टच. टच. लाल ठिपका लहान होत गेला. पलीकडच्या काठावरून तात्यांनी बगळे बघितले असणार. त्यांची आरोळी आली, "कोन हाय रं तिकडं?"

मी काठी टाकली. मरळ गळासकट गवतात होती. मी बेशरमाच्या झुडपात शिरलो आणि उकिडवा बसलो. पिशवीसुद्धा तिथेच राहिली.

पुढचं मी पानांमधून पाहिलं. युनूस आधी आला. एका हातात किटली. त्याने पाणी पाहिलं, गवत पाहिलं, आणि मग वाकून गळ पाहिला. नाडा पाहिला. किटली खाली ठेवली. मान वर करून त्याने झुडपांकडे बघितलं का? मी हे आयुष्यभर आठवून पाहिलंय. कधी वाटतं बघितलं, कधी वाटतं नाही. त्याने मरळीच्या जबड्यातून गळ काढला, दातांनी तंगूस तोडला, गळ खिशात टाकला. माझी काठी पाणकणसांत भिरकावली. माझी पिशवी चिंचेच्या ढोलीत कोंबली, सायकल मागच्या उंच गवतात आडवी घातली. हे सगळं तो घाई न करता करत होता, कापूस गोळा करावा तसं. मग स्वतःची काठी हातात घेऊन उभा राहिला.

चाचा आणि तात्या धावत आले. धावल्यामुळे चाचांना धाप लागली होती. त्या काठावर त्यांना धाप लागलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"कुणी काढली?"

चाचांकडे न बघता युनूसने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"पंडत कुठाय?"

"तो मघाच गेला. दुकान होतं त्याला."

"मग कुणी काढली? बोल!"

"मी."

तात्या म्हणाले, "हमीदभाई, पोर हाय. चुकलं आसंल."

"मला चुकलं म्हणू नका, तात्या," चाचा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुम्ही सांगितलं, मी सांगितलं. बेटा, तुला काय कमी होतं? मरळ कधी मिळाली नव्हती तुला?"

त्यांनी युनूसच्या हातातली काठी घेतली आणि गुडघ्यावर मोडली. मग चिंचेकडे गेले. स्वतःची काठी उचलली. ती जुनी, हात लागून लागून तुकतुकीत झालेली वेळूची काठी होती. तात्या म्हणाले, "आवो, तुमची कशाला?" चाचा म्हणाले, "घरची काठी म्हणालात ना." ती लवकर मोडेना. दोनदा वाकली. तिसऱ्यांदा मोडली.

मरळ अजून जिवंत होती. चाचांनी तिला दोन्ही हातांत उचललं, पाण्यात कमरेपर्यंत गेले आणि सोडलं. ती लगेच त्या जागेवर आली. तिथे काही नव्हतं. ती फिरत राहिली. वर यायची, खाली जायची, पुन्हा त्याच रिकाम्या पाण्याभोवती. ते दोघे निघून गेले, तात्या गेले, किटली तशीच राहिली, आणि मी झुडपातून बाहेर आलो तरी ती फिरत होती.

त्या दिवशी मी हात धुतले नाहीत. घरी गेलो तर कुणाला वास आला नाही. आरती होती. सगळीकडे कापूर होता.

आठ-दहा दिवसांनी युनूस दुकानात आला. वडील गल्ल्यावर होते. म्हणाला, "काका, उदबत्ती द्या एक पुडा. आणि याची पिशवी लायब्ररीत राहिली होती, ती आणलीय." लायब्ररी. तो शब्द त्याने माझ्याकडे न बघता उच्चारला. वडिलांनी उदबत्तीचे पैसे घेतले नाहीत, "चांगला मुलगा आहे," म्हणाले. मी दुकानाबाहेर आलो तोवर तो भाजीबाजाराच्या गर्दीत गेला होता. हाक मारता आली असती. मी पिशवी आत ठेवायला गेलो.

चाचा मला एकदाच भेटले त्यानंतर. आमच्याच गल्लीत, कुणाच्या तरी अंगणात पिंजत होते. दस्त्याचे ठोके अडखळत होते. दोन ठोके, मग खोकला, मग एक ठोका. मला बघून त्यांनी फडकं खाली केलं. "काय रे, पंडत! तुझं पण सुटलं ना गळाचं? आमच्या पोरामुळे." आणि हसले. पापण्या पांढऱ्या होत्या. "तुझी मरळ राहून गेली."

मी म्हणालो, आई हाक मारतेय. आई तेव्हा माहेरी गेली होती.

चाचा त्याच हिवाळ्यात गेले. छाती भरली होती, असं कुणीतरी दुकानात सांगितलं. वडिलांनी हळहळून म्हटलं, "हात हलका होता माणसाचा. गादी अशी पिंजायचा, की पाठ विसरावी." मी कुंकवाच्या पुड्या बांधत होतो. पुडी फुटली. सगळं कुंकू पांढऱ्या गादीवर सांडलं. मी ते वेचत बसलो. ते कधी नीट वेचलं जात नाही.

युनूस मालेगावला गेला, यंत्रमागावर. मी नोकरीला लागलो, लग्न केलं, बदल्या झाल्या. मालेगाव काही लांब नाही. कितीदा त्या रस्त्याने गेलो! बस मालेगावच्या स्टँडवर थांबायची आणि मी खिडकीची काच लावून घ्यायचो.

पार्किंगमध्ये पाणी आलं त्यानंतर मी गेलो. मुलाला सांगितलं, जुना मित्र आजारी आहे. पत्ता शोधायला त्रास पडला नाही; पिंजाऱ्यांची घरं जुन्या नाशकात अजून आहेत आणि त्यांना सगळे पत्ते ठाऊक असतात. गल्लीत शिरलो तर मागांचा खडखडाट, भिंतीतून, जमिनीतून, पायांतून वर येणारा. युनूस एका खाटेवर होता. अर्धं अंग गेलेलं. त्याची मुलगी शबाना त्याला चमच्याने चहा पाजत होती. तिने मला आधीच दारात सांगितलं, "चाचा, अब्बांना कधी आठवतं, कधी नाही. आणि आठवतं ते पण कधी कधी दुसऱ्याचं असतं. वाईट मानू नका."

त्याने मला बराच वेळ न्याहाळलं. मग डावा हात उचलला, माझा तळवा ओढला आणि नाकाशी नेला.

"कापूर," तो म्हणाला. "पंडत!"

मी रडलो. तोही रडला, अर्ध्या चेहऱ्याने. मी पाठ करून आलो होतो. बसमध्ये सगळा वेळ वाक्यं जुळवत होतो. युनूस, मला तुला एक सांगायचंय. एवढ्यावर आलो, आणि त्याने हात वर करून मला थांबवलं.

"आधी मी. मला विसरायला होतं, म्हणून आधी मी." मग शबानाला म्हणाला, "तो डबा."

तिने पत्र्याचा, गंजलेला, विडीचा असावा असा डबा आणला. आत जुने गळ होते, गुंता झालेले. त्यांत एकाला नाडा गुंडाळलेला. रंग उडाला होता, पण लाल होता तो लालच दिसत होता. गाठ सुटलेली नव्हती.

"हा," युनूस म्हणाला, "ह्या गळाने मी काढली ती. पिल्लांवरची. तुला माहीत नाही, तू दुकानात गेला होतास. मी पाप केलं, पंडत. अब्बांचं तळं तोडलं मी. तिथं त्यांना श्वास यायचा. मी त्यांचा श्वास..." त्याला पुढचा शब्द सापडेना. शबाना त्याची पाठ चोळू लागली. "आणि तुझं पण सुटलं माझ्यामुळे. तुझी मरळ राहिली. अब्बांची माफी मागायची राहून गेली. तू तरी माफ कर."

माझ्या हातात गळ होता. नाडा माझा, गाठ माझी. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याच्या डोळ्यांत कुठे काही लपवलेलं नव्हतं. त्याने ती गोष्ट इतकी वर्षं माझ्यासाठी उचलून धरली होती की ती त्याचीच झाली होती. मी माझं तेवढं विसरायचा प्रयत्न करत राहिलो. तो मात्र सगळं विसरला आणि नेमकं माझंच त्याच्यापाशी उरलं.

"बोला ना, चाचा," शबाना हळूच म्हणाली. "रोज म्हणतात, पंडत भेटला तर माफी मागायची. काहीतरी बोला. त्यांना झोप नाही लागत."

बोलायचं ते हेच होतं. नाही युनूस, तू नाही. एवढेच शब्द. पण त्याचा श्वास चढला होता, चाचांचा चढायचा तसा. वाटलं, आत्ता सांगितलं तर याला काय होईल? वाटलं, आधी शांत होऊ दे, मग सांगू. हे मी आज लिहितोय. तेव्हा खरं काय वाटलं, याची मला खात्री नाही. त्या झुडपात उकिडवं बसायची सवय माझ्या अंगातून कधी गेलीच नव्हती, इतकंच असेल.

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे रे, युनूस. केलं माफ."

त्याने डोळे मिटले. चेहरा सैल पडला. थोड्या वेळाने घोरू लागला. शबाना माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत. मागांच्या खडखडाटात मी बराच वेळ बसलो, तो उठेल म्हणून. संध्याकाळची शेवटची बस होती. ती म्हणाली, "झोपू द्या चाचा, किती दिवसांनी झोपलेत. तुम्ही परत या ना." मी हो म्हणालो.

पौषात तिचा फोन आला. अब्बा झोपेतच गेले, म्हणाली. शेवटचे दिवस फार शांत होते. "तुमच्यामुळे, चाचा."

यंदाही पार्किंगमध्ये पाणी आहे. संध्याकाळी वॉचमन पंप लावायच्या आधी मी खाली जातो. शेवटच्या पायरीवर बसतो, हात पाण्यात घालतो, चोळतो. कापूर जात नाही. वॉचमनने विचारलं, "काका, काय बघता?" म्हटलं, काही नाही. बेडूक ओरडत असतात. मी तोंडातल्या तोंडात ते म्हणून पाहतो, जे मालेगावच्या त्या खाटेपाशी म्हणायचं होतं, चाचांच्या धनुष्यापाशी म्हणायचं होतं, त्याआधी, अगदी सोपं होतं तेव्हा, झुडपातून उठून दोन पावलं पुढे येऊन म्हणायचं होतं:

चाचा, काठी मोडू नका. युनूस, तू काढली नव्हतीस. मी काढली. मला माफ कर.